डाव्या पेडलचे आटे आणि इलेक्ट्रॉनचे दोन हात

आठवीत असतानाची गोष्ट. सायकलचं डावं पेडल वाजायला लागलं म्हणून ते काढायला बसलो. पाना लावला आणि कुठलाही नट सोडवताना करतो तसा घड्याळाच्या उलट्या दिशेने जोर केला. हलेना. पान्यात लोखंडी पाइपचा तुकडा अडकवला, त्यावर अख्खा उभा राहिलो, तरी हलेना. शेवटी सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. मिस्त्रीने पाना घेतला, मी फिरवत होतो त्याच्या बरोबर उलट फिरवला आणि म्हणाला, "डाव्याचे आटे उलटे असतात बाळा. तू तासभर आवळत बसला होतास."

चालवता चालवता पेडल आपोआप सुटू नये म्हणून ही सोय असते. उजव्याला सुलटे आटे, डाव्याला उलटे. त्या दिवशी दोन्ही पेडलं हातात घेऊन मी बराच वेळ फिरवत बसलो होतो. डावं पेडल उलटं धरा, आडवं धरा, टोकाकडून बघा नाहीतर बुडाकडून, त्याचे आटे डावेच राहतात. ते उजवे होतात फक्त आरशात. डाव्या सोंडेचा गणपती आरशात उजव्या सोंडेचा दिसतो, तसं.

वस्तू आणि तिचं आरशातलं रूप कसंही फिरवलं तरी एकमेकांवर बसत नसेल, तर त्या गुणाला कायरॅलिटी म्हणतात. ग्रीक भाषेत हाताला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं. आपले दोन हात हेच त्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण. शंखात ती असते, साखरेच्या रेणूत असते. पण इथे सांगायचंय ते इलेक्ट्रॉनबद्दल, आणि तिथे पहिलीच अडचण उभी राहते. इलेक्ट्रॉनला आकारच नाही. आजवरच्या सगळ्या मोजमापांत तो निव्वळ बिंदू आहे. बिंदूला आटे कुठून येणार?

आट्यांचं काम इथे फिरकी करते. इलेक्ट्रॉन, क्वार्क, म्युऑन, न्यूट्रिनो या पदार्थाच्या मूळ कणांना फर्मिऑन म्हणतात आणि त्या प्रत्येकाला जन्मजात फिरकी असते, म्हणजेच स्पिन. भोवऱ्यासारखं काही खरोखर गरगरत नसतं, पण फिरकीला अक्ष असतो आणि दिशा असते, एवढं इथे पुरे. आता हा कण पुढे निघाला. पुढे जाणं अधिक फिरणं म्हणजे स्क्रूच की. उजव्या हाताची बोटं फिरकीच्या दिशेने वळवली आणि अंगठा कणाच्या जाण्याच्या दिशेला आला, तर तो उजव्या आट्यांचा. अंगठा उलटीकडे आला तर डाव्या आट्यांचा. याचं नाव हेलिसिटी.

बहुतेक सोपे लेख इथेच थांबतात आणि हेलिसिटीलाच कायरॅलिटी म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. खरी गंमत या दोघींमधल्या फरकात आहे, आणि तोच गाळला तर पुढचं काहीच कळत नाही.

फरक कळायला लोकलमध्ये बसू. आपण फास्ट लोकलमध्ये आहोत, शेजारच्या रुळावर धीमी लोकल त्याच दिशेने चाललीय. आपण तिला मागे टाकतो तेव्हा ती मागे जातेय असं दिसतं. तिच्या तोंडावर एक मोठा पंखा बसवलाय अशी कल्पना करा, अक्ष रुळाच्या दिशेत. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला गाडी पुढे जाताना दिसते आणि पंखा फिरताना दिसतो, समजा उजव्या आट्यांसारखा. आपल्याला पंखा तसाच फिरताना दिसतो, पण गाडी मागे जाताना दिसते. म्हणजे आपल्या लेखी आटे डावे. पंखा तोच, गाडी तीच. बदलला फक्त बघणारा.

इलेक्ट्रॉनचं असंच आहे. त्याला वस्तुमान आहे म्हणून तो प्रकाशाच्या वेगाने जाऊ शकत नाही. म्हणजे त्याला मागे टाकणारा कोणीतरी, निदान कागदावर, नेहमी असू शकतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनची हेलिसिटी बघणाऱ्यावर अवलंबून राहते. पेडलच्या आट्यांसारखा तो पक्का गुण नाही.

कायरॅलिटी मात्र पक्की आहे. कोणीही, कुठल्याही वेगाने जाताना पाहिलं तरी डावा तो डावाच. ती नेमकी काय आहे हे दाखवायला लोकल किंवा स्क्रू असं काही माझ्यापाशी नाही, कारण ती कणाच्या लहरीच्या गणितातच विणलेली आहे. इलेक्ट्रॉनचं वर्णन करणारं डिरॅकचं समीकरण १९२८ सालचं. ते उसवून पाहिलं तर त्यात दोन वेगळे भाग सापडतात. हर्मान वाइल यांनी १९२९ मध्ये हे दोन भाग वेगळे करून दाखवले. कण स्थिर असताना दोन्ही भाग सारखेच वागतात. वेग दिला की एक भाग एका प्रकारे बदलतो, दुसरा बरोबर त्याच्या आरशातल्या रूपासारखा. एकाचं नाव डावा, दुसऱ्याचं उजवा. वस्तुमान शून्य असेल तर दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही आणि हेलिसिटी व कायरॅलिटी एकच होतात. वस्तुमान असेल तर ते या दोघांना बांधून ठेवतं.

म्हणून इलेक्ट्रॉन हा एक कण आहे असं म्हणताना जरा थांबावं. नाटकात एकाच भूमिकेत दोन नट आलटून पालटून उभे राहतात, पात्र तेच, वेश तोच, तसं काहीसं आहे. डावा इलेक्ट्रॉन आणि उजवा इलेक्ट्रॉन, विद्युतभार सारखाच, आणि वस्तुमान म्हणजे त्यांच्या अदलाबदलीचा वेग. नुसतं चित्र म्हणून घ्या, पण चित्र म्हणून ते खोटं नाही. इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावरून हिशोब केला तर या अदलाबदलीची लय सेकंदाला १० च्या २० व्या घाताइतकी येते.

तरी प्रश्न उरतोच की विद्युतभार सारखा, वेश सारखा, मग दोन नट आहेत हे ओळखायचं कसं? १९५६ पर्यंत सगळे समजून होते की ओळखता येणारच नाही, कारण निसर्ग डावं-उजवं करत नाही. एखादा प्रयोग आरशात पाहिला तर आरशातलाही प्रयोग प्रत्यक्षात घडवता आला पाहिजे, अशी श्रद्धा होती. तिला पॅरिटी अक्षय्य राहते असं म्हणत. वाइल यांची समीकरणं वोल्फगांग पाउली यांनी याच कारणावरून बाजूला ठेवली होती, कारण ती आरशात टिकत नव्हती.

तडा गेला तो के-मेसॉनमुळे. वैश्विक किरणांत सापडलेले दोन कण होते, टाऊ आणि थीटा; पुढे या दोघांचंच नाव के-मेसॉन झालं. वस्तुमान सारखं, आयुष्य सारखं, पण एक फुटून दोन पायॉन (त्याहून हलके कण) होत आणि दुसरा फुटून तीन. आरशाचा नियम खरा असेल तर हे एकच कण असू शकत नव्हते. आणि बाकी सगळं पाहता ते एकच वाटत होते. त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग या दोघा तरुणांनी १९५६ मध्ये जुने प्रयोग चाळले आणि एक लाजिरवाणी गोष्ट बाहेर काढली. विद्युतचुंबकीय बल आणि केंद्रकाला धरून ठेवणारं बल आरसा पाळतात याचा भरपूर पुरावा होता. क्षीण बलाबाबत, म्हणजे बीटा किरणोत्सार घडवणाऱ्या बलाबाबत, कोणी कधी तपासूनच पाहिलं नव्हतं.

तपासलं च्यन-शियुंग वू यांनी. त्या कोलंबिया विद्यापीठात होत्या. नवऱ्याबरोबर युरोपला आणि पुढे अतिपूर्वेला जाण्याचं बोटीचं तिकीट काढून झालं होतं. त्यांनी नवऱ्याला एकट्याला पाठवलं आणि स्वतः प्रयोगाला लागल्या. अतिथंड तापमानाचं तंत्र वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये होतं, म्हणून प्रयोग तिथल्या मंडळींबरोबर झाला.

प्रयोग समजायला एक दीपमाळ डोळ्यांसमोर आणा. कोणीतरी तिला प्रदक्षिणा घालतंय. शेजारी उंच आरसा उभा केला तर आरशातला माणूस उलटी प्रदक्षिणा घालताना दिसेल, पण दीपमाळेचा माथा आरशातही वरच राहील. फिरणं उलटतं, वर-खाली उलटत नाही. वू यांनी कोबाल्ट-६० ची केंद्रकं निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत थंड केली आणि चुंबकीय क्षेत्राने सगळ्यांच्या फिरक्या एका दिशेला लावल्या. समजा सगळी प्रदक्षिणेच्या दिशेने फिरताहेत. ही केंद्रकं फुटताना इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात. प्रश्न एवढाच होता की वर जास्त जातात, खाली जास्त जातात, की सारखेच?

वर जास्त गेले. क्षेत्र उलटं केलं, म्हणजे केंद्रकं उलटी फिरू लागली, तर खाली जास्त गेले. आता आरशात बघा: उलटी प्रदक्षिणा आणि इलेक्ट्रॉन वर. असं जगात घडतच नाही. काही मिनिटांत नमुना गरम व्हायचा, फिरक्या विस्कटायच्या आणि फरक नाहीसा व्हायचा, म्हणजे दोष यंत्राचा नाही हेही तिथेच कळत होतं. जानेवारी १९५७ मध्ये निकाल जाहीर झाला. त्याच महिन्यात लिऑन लेडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्युऑनवर वेगळा प्रयोग करून तेच दाखवलं. देव डावखुरा असेल यावर माझा विश्वास नाही, मी मोठी पैज लावायला तयार आहे, असं पाउली यांनी त्याच दिवसांत पत्रात लिहिलं होतं. पैज कोणी घेतली नाही म्हणून ते वाचले. ली आणि यांग यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. वू यांना नाही. १९७८ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं वुल्फ पारितोषिक त्यांना मिळालं, त्यावर समाधान मानायचं.

आरसा मोडला हे कळलं, पण कसा आणि किती? थोडासा, की पूर्ण? इथे मुंबईचा एक धागा येतो. ई. सी. जी. सुदर्शन हे केरळचे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते, संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथून ते अमेरिकेत रॉचेस्टरला रॉबर्ट मार्शक यांच्याकडे पीएचडीला गेले. १९५७ मध्ये या दोघांनी सांगितलं की आरसा पूर्ण मोडलाय. क्षीण बल फक्त डाव्या कायरॅलिटीच्या कणांना आणि उजव्या कायरॅलिटीच्या प्रतिकणांना, म्हणजे कणांच्या उलट भाराच्या जुळ्यांना, हात लावतं. गणितात या रचनेला व्ही-उणे-ए म्हणतात. आरशात एकमेकांहून वेगळं वागणाऱ्या अशा दोन तुकड्यांची सारख्या प्रमाणात वजाबाकी केली की उजवा भाग बरोबर शून्य होतो.

या मांडणीला तेव्हाचे चार प्रयोग छेद देत होते. विद्यार्थ्याने अशा वेळी मांडणी मागे घ्यावी. या दोघांनी उलट लिहिलं की ते चारही प्रयोग पुन्हा करून बघा. पुन्हा केले, आणि चारही चुकीचे निघाले. दरम्यान रिचर्ड फाइनमन आणि मरे गेल-मॅन यांनी स्वतंत्रपणे तीच गोष्ट छापली, आणि पुष्कळ वर्षं तीच नावं घेतली गेली. पुढे खुद्द फाइनमन यांनी श्रेय सुदर्शन आणि मार्शक यांचं असल्याचं मान्य केलं.

त्या चार प्रयोगांपैकी एक पायॉनचा होता. हेलिसिटी आणि कायरॅलिटीतला फरक बघायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही, म्हणून तिथे जरा बसू.

ऋण पायॉन फुटतो तेव्हा त्यातून एक प्रतिन्यूट्रिनो निघतो आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच २०७ पट जड भाऊ. हलका कण बनवायला ऊर्जा कमी लागते, म्हणजे इलेक्ट्रॉनच जास्त निघायला हवेत. प्रत्यक्षात दर आठ हजार पायॉनांमागे जेमतेम एकदा इलेक्ट्रॉन निघतो. बाकी सगळे म्युऑन.

का? पायॉनला फिरकी नाही, शून्य. तो स्थिर असताना फुटला की दोन्ही कण पाठीला पाठ लावून विरुद्ध दिशांना सुटतात. एकूण फिरकी शून्यच राहायला हवी, म्हणून दोघांच्या फिरक्या उलट. दिशा उलट, फिरक्याही उलट, म्हणजे आटे दोघांचे सारखे. कागदावर दोन बाण काढून बघा, लगेच पटेल. प्रतिन्यूट्रिनो जवळपास प्रकाशाच्या वेगाने जातो, क्षीण बलातून आलाय, म्हणून तो उजव्या आट्यांचाच. मग समोरच्या इलेक्ट्रॉनलाही उजवे आटे हवेत. पण क्षीण बल इलेक्ट्रॉन देतं तो डाव्या कायरॅलिटीचाच. फिरकीचा हिशोब उजवा मागतोय आणि दुकानात फक्त डावा माल आहे.

सुटका होते ती वस्तुमानामुळे. डाव्या कायरॅलिटीचा कण हळू चालत असेल तर त्याची हेलिसिटी कधी डावी, कधी उजवी मिळते. प्रकाशाच्या ६० टक्के वेगाने जात असेल तर १०० पैकी ८० वेळा डावी आणि २० वेळा उजवी. वेग जितका प्रकाशाच्या जवळ, तितकी उजवी मिळण्याची शक्यता कमी. पायॉनमधून निघणारा म्युऑन जड, त्यामुळे तो प्रकाशाच्या २७ टक्के वेगानेच जातो. त्याला उजवे आटे मिळण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या घरात. इलेक्ट्रॉन मात्र हलका, तो ९९.९९७ टक्के वेगाने सुटतो, आणि त्याला उजवे आटे मिळतात सुमारे ७५,००० त एकदा. बाकीचे घटक धरून गणित केलं की आठ हजारांत एक हा आकडा पडतो. आधीच्या प्रयोगात हे इलेक्ट्रॉन दिसलेच नव्हते. १९५८ मध्ये जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत ते सापडले, हव्या त्याच प्रमाणात.

हेलिसिटी म्हणजेच कायरॅलिटी असती, तर पायॉनमधून इलेक्ट्रॉन कधी निघालाच नसता. ती चिमूटभर गळती म्हणजे वस्तुमानाने उघडी ठेवलेली चोरवाट.

आता दोन नटांचं चित्र पुन्हा बघा, कारण त्यात एक भोक पडलंय. डाव्या इलेक्ट्रॉनवर क्षीण बलाचा भार आहे, उजव्यावर नाही. दोघे अदलाबदल करत राहिले तर तो भार प्रत्येक वेळी जातो कुठे आणि येतो कुठून? भार असा हवेत विरत नाही. म्हणजे डावं-उजवं सापडलं आणि त्याच्या पाठोपाठ इलेक्ट्रॉनला वस्तुमान असणंच बेकायदा ठरलं. हिग्ज क्षेत्र लागलं ते इथे. सगळी पोकळी या क्षेत्राने भरलेली आहे आणि त्यावर क्षीण बलाचा भार आहे. डावा उजवा होताना आपला भार त्यात टाकतो, उजवा डावा होताना त्यातून उचलतो. गावच्या पतपेढीसारखं, फक्त ही कधी बुडत नाही. हिग्जबद्दल वाचताना मधात अडकणारे कण, गर्दीतून चालणारा नट असल्या उपमा भेटतात. मला त्या कधीच आवडल्या नाहीत, कारण मुळात हिग्जची गरज का पडली ते त्यातून कळत नाही. ४ जुलै २०१२ ला सर्नमध्ये ज्या कणाची घोषणा झाली, तो या पतपेढीचा पुरावा.

राहिला न्यूट्रिनो. मॉरिस गोल्डहाबर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ब्रुकहेवनला युरोपियमचं केंद्रक वापरून त्याची हेलिसिटी मोजली. निघाली डावी. उजवा न्यूट्रिनो आजवर कोणालाच दिसलेला नाही. तेव्हा याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही: वस्तुमान नाही, म्हणून जोडीदार नट लागतच नाही. प्रश्न मिटला, असं वाटलं.

तो पुन्हा उघडला १९९८ मध्ये. वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतात, म्हणजे एका प्रकारचे दुसऱ्या प्रकारचे होतात, हे जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगात दिसलं. जात बदलायला वस्तुमान लागतं. (हे वातावरणातले न्यूट्रिनो जगात सर्वप्रथम पकडले गेले त्यात आपल्याकडच्या कोलार सोन्याच्या खाणीचा वाटा आहे. १९६५ मध्ये टाटा संस्थेचे लोक जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर तिथे दोन किलोमीटरहून खोल बसले होते.) वस्तुमान आहे म्हणजे डाव्याला जोडीदार हवा. मग तो उजवा आहे कुठे?

दोन शक्यता आहेत. पहिली, उजवा न्यूट्रिनो आहे, पण त्याच्यावर ना विद्युतभार, ना क्षीण बलाचा भार, ना क्वार्कसारखा रंगभार (केंद्रकाला धरून ठेवणाऱ्या बलाचा भार). गुरुत्वाकर्षण सोडलं तर कुठलंच बल त्याला शिवत नाही, म्हणून तो कुठल्याच यंत्रात दिसत नाही. दुसरी शक्यता एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये सुचवलेल्या कल्पनेतून येते. न्यूट्रिनोला विद्युतभार नाही, मग तो आणि त्याचा प्रतिकण हे एकच का नसावेत? ज्याला आपण प्रतिन्यूट्रिनो म्हणतो, तोच उजवा नट. इलेक्ट्रॉनला ही पळवाट नाही, कारण त्याच्या प्रतिकणाचा विद्युतभार उलट आहे.

हे तपासता येतं, आणि पायॉनमधल्या त्याच चोरवाटेने. जर्मेनियम-७६ किंवा झेनॉन-१३६ सारख्या केंद्रकात दोन न्यूट्रॉन एकदम फुटतात, तेव्हा एरवी दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर येतात. मायोराना बरोबर असतील, तर पहिल्या न्यूट्रॉनने टाकलेला उजवा प्रतिन्यूट्रिनो दुसरा न्यूट्रॉन डावा न्यूट्रिनो म्हणून गिळू शकतो, आणि बाहेर फक्त दोन इलेक्ट्रॉन येतात. त्यासाठी मधल्या कणाने हात बदलायला हवा, आणि हात बदलण्याची शक्यता वस्तुमानावर अवलंबून. न्यूट्रिनोचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या लाखाव्या भागाहूनही कमी. पायॉनमध्ये आठ हजारांत एकदा तरी दान पडत होतं. इथे एखादं केंद्रक असं फुटायला १० च्या २६ व्या घाताइतक्या वर्षांहूनही जास्त लागतात, एवढंच आतापर्यंत मोजता आलंय. म्हणून २०२४ पर्यंत शेकडो किलो झेनॉन जपानच्या कामिओका खाणीत ठेवून पाहिलं, आणि जर्मेनियमचे स्फटिक इटलीच्या ग्रान सास्सो डोंगराच्या पोटात ठेवून, प्रतिन्यूट्रिनोशिवाय निघालेल्या दोन इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीची वाट पाहणं चालू आहे.